वेग बरोबर, तरी गोळी साडेनऊ इंच खाली : क्रोनोग्राफच्या एका आकड्याचे प्रकरण

ओहायो राज्यातील एका खासगी क्लबच्या मैदानावर, मे महिन्यातल्या एका शांत सकाळी, माझ्या एका तरुण स्नेह्याने १,००० यार्डांवरच्या पोलादी पत्र्यावर दहा गोळ्या झाडल्या. पत्रा ३६ इंच रुंद आणि तितकाच उंच होता, त्यामुळे दहाही गोळ्या त्यावर लागल्या आणि ताज्या पांढऱ्या रंगावरचे दहाही डाग दुर्बिणीतून स्वच्छ दिसले. अडचण इतकीच होती की त्या डागांचा मध्य पत्र्याच्या मध्यापासून सुमारे साडेनऊ इंच खाली होता. वारा जवळजवळ नव्हता, रायफल त्याच सकाळी १०० यार्डांवर झिरो केलेली (नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी बसवलेली) होती आणि गोळीचा वेग तासाभरापूर्वीच क्रोनोग्राफने मोजलेला होता. "दादा, क्रोनोग्राफ खोटं बोलतोय," असे तो म्हणाला आणि मी मान डोलावली. पुढचे दोन महिने आम्ही ज्या चुकीबरोबर वावरलो, तिची सुरुवात त्या होकारापासून झाली.

माझा व्यवसाय मोजमापाचा आहे. कारखान्यांतील गेज आणि मायक्रोमीटर तपासून देण्याचे काम मी बावीस वर्षे करीत आहे, त्यामुळे या प्रकरणात माझी चूक त्याच्यापेक्षा मोठी ठरते. रायफल त्याची आहे. मी बहुतेक वेळा शेजारी बसून दुर्बिणीतून गोळी कुठे लागली ते सांगतो आणि वही लिहितो. प्रस्तुत लेखन त्याच वहीवरून केलेले आहे.

मराठी वाचकाला रायफल नेमबाजी म्हटले की २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये मिळवलेले कांस्यपदक आठवते. त्या प्रकारात अंतर ठरलेले असते. वेगाचा प्रश्न तेथेही आहेच: दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, आणि पॉइंट टू-टू काडतुसाच्या सुमारे १,०६० फूट प्रति सेकंद वेगात ४० फुटांचा फरक पडला, तर नळीच्या कंपनाचा विचार बाजूला ठेवून ५० मीटरवर दोन गोळ्यांत उभ्या दिशेने साधारण नऊ मिलिमीटरचे अंतर पडते. परंतु तेथे दर्शिका, म्हणजे नेम धरण्याचे साधन, एकदा बसली की नेमबाजाला गोळी किती खाली येईल याचा हिशेब करावा लागत नाही. लांब पल्ल्याच्या नेमबाजीत हा हिशेब म्हणजेच अर्धा खेळ आहे. आमच्या रायफलीची गोळी १,००० यार्डांपर्यंत जायला दीड सेकंदाच्या आसपास वेळ घेते, आणि तेवढ्या अवधीत ती नळीच्या रेषेपासून जवळजवळ नऊ मीटर, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून दगड सोडावा तितकी, खाली येते. हे खाली येणे, ज्याला नेमबाज ड्रॉप म्हणतात, आधी गणिताने काढून रायफलीवरच्या दुर्बिणीच्या वरच्या, नेम वर-खाली करणाऱ्या घुंडीवर भरावे लागते, आणि त्या गणितात पहिला आकडा गोळीच्या नळीतून बाहेर पडतानाच्या वेगाचा असतो.

मोजलेले आकडे

रायफल ६.५ क्रीडमूर या काडतुसाची, २४ इंची नळीची, आणि तोवर सहाशेच्या आसपास गोळ्या झाडलेली होती. नव्या नळीचा वेग पहिल्या शे-दोनशे गोळ्यांत वाढत जातो आणि मग स्थिरावतो. ती अवस्था मागे पडली होती. काडतुसे कारखान्यात भरलेली, १४० ग्रेन वजनाच्या गोळीची होती. डब्यावर २,७१० फूट प्रति सेकंद असा वेग आणि गोळीचा जी-सेव्हन बॅलिस्टिक गुणांक (गोळी हवेचा अडथळा किती सहज कापते याचे माप) ०.३२६ असा छापलेला होता. डब्यावरचा वेग ही कारखान्याच्या चाचणी नळीची गोष्ट असते. आपल्या नळीचा वेग आपणच मोजावा लागतो.

वेग मोजण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ मध्ये बॅलिस्टिक लंबकाची पद्धत प्रसिद्ध केली. टांगलेल्या जड लंबकात गोळी शिरली की तो किती झुलतो, त्यावरून ते वेग काढीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेल्जियमचे तोफखाना अधिकारी ल बुलाँजे यांचे यंत्र आले. त्यात गोळीने पहिली तार तोडली की विद्युतचुंबकाला लटकलेला एक दांडा सुटून खाली पडू लागे, दुसरी तार तुटली की एक वजन सुटून चाकूची कळ दाबी, आणि चाकू पडत्या दांड्यावर खाच मारी. खाच किती उंचीवर पडली यावरून दोन तारांमधला काळ कळे. पडणाऱ्या दांड्याला घड्याळ बनवण्याची ही युक्ती मला आजही आमच्या धंद्यातील अनेक महागड्या उपकरणांपेक्षा सुंदर वाटते. पुढे तारांच्या जागी प्रकाशाचे पडदे आणि दांड्याच्या जागी स्फटिकाचे घड्याळ आले, परंतु 'ठरलेले अंतर भागिले लागलेला काळ' हे तत्त्व तेच राहिले.

माझ्या स्नेह्याचा क्रोनोग्राफ मात्र डॉप्लर रडारचा, तळहातावर मावेल एवढा होता. या जातीचे यंत्र गोळीच्या दिशेने रेडिओलहरी सोडते आणि गोळीवरून परतणाऱ्या लहरींची वारंवारता किती बदलली ते मोजते. २४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा मिलिमीटर धरली, तर आमच्या गोळीमुळे पडणारा फरक सेकंदाला सुमारे १ लाख ३२ हजार कंपनांचा येतो, आणि एवढा मोठा आकडा मोजणे इलेक्ट्रॉनिक्सला अवघड नसते. रडारला नळीपुढे पडदे उभे करावे लागत नाहीत, उन्हाची तिरीप त्याला फसवीत नाही, आणि नळीला काही बांधावे लागत नसल्याने नेमही हलत नाही. अशा यंत्रांची अचूकता निर्माते ०.१ टक्का सांगतात. आमच्या वेगाला ती पावणेतीन फुटांच्या आसपास पडते.

त्या सकाळी २२ अंश सेल्सिअस तापमानात वीस गोळ्यांचा वेग मोजला. सरासरी २,७१६ फूट प्रति सेकंद, प्रमाणित विचलन (वेग सरासरीभोवती किती विखुरले याचे माप, इंग्रजी लघुरूप 'एसडी') ११ आणि सर्वांत वेगवान व सर्वांत मंद गोळीतला फरक ४१ फूट निघाला. स्नेही जरा खट्टू झाला, कारण महिन्यापूर्वी पाच गोळ्यांवर त्याला केवळ ५ चे विचलन मिळाले होते आणि त्या पडद्याचे छायाचित्र त्याने चार जणांना पाठवलेही होते. नेमबाजांच्या गप्पांत एक आकडी 'एसडी'चे जे कौतुक असते, ते बहुतेक वेळा अशाच पाच गोळ्यांचे असते. पाच गोळ्यांतून ५ चे विचलन निघाले, तर खरे विचलन ३ पासून १४ पर्यंत कुठेही असू शकते, एवढेच संख्याशास्त्र ९५ टक्के खात्रीने सांगते. म्हणजे महिन्यापूर्वीचे ५ आणि आजचे ११ यांच्यात भांडण नव्हतेच. पहिला आकडा फक्त अपुरा होता. आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची होती ती सरासरी, आणि वीस गोळ्यांच्या सरासरीतली अनिश्चितता पाच फुटांच्या आत येते. हे गणित मी त्याच सकाळी वहीच्या कडेला केले होते, आणि तरीही तासाभरात ते विसरलो.

जुळवाजुळव

मोबाईलवरील अ‍ॅपमध्ये २,७१६ हा वेग, गोळीचा गुणांक, तापमान आणि मैदानावरच मोजलेला हवेचा दाब भरल्यावर १,००० यार्डांसाठी ८.६ मिल असे उत्तर आले. मिल म्हणजे मिलिरेडियन, हे कोनाचे माप. १,००० यार्डांवर एक मिल म्हणजे ३६ इंच. घुंडीवर ८.६ भरून झाडलेल्या दहा गोळ्या साडेनऊ इंच खाली लागल्या, हे वर आलेच आहे. आम्ही तेवढ्यावर न थांबता ८०० आणि ६०० यार्डांवरही अ‍ॅपने सांगितलेले ६.० आणि ३.८ भरून प्रत्येकी दहा गोळ्या झाडल्या. ८०० यार्डांवर गोळ्यांचा मध्य साडेपाच इंच आणि ६०० यार्डांवर अडीच इंच खाली आला.

योगायोगाने असे होण्याची शक्यता नव्हती. वेगातल्या दर १० फुटांच्या फरकाला १,००० यार्डांवर अडीच इंचांहून थोडा अधिक फरक पडतो, त्यामुळे ४१ फुटांच्या पसाऱ्यात एकेक गोळी पाच-सहा इंच वर-खाली जाणे स्वाभाविक होते. परंतु दहा गोळ्यांचा मध्य साडेनऊ इंच सरकायला काहीतरी कायमचे कारण हवे होते. हवेचा दाब चुकीचा भरला असेल का, हे आधी पाहिले. विमानतळाचा समुद्रसपाटीला आणलेला दाब भरणे ही या खेळातली नेहमीची चूक आहे, पण ती केली असती तर अ‍ॅपने हवा आहे त्यापेक्षा दाट धरून जास्त मिल सांगितले असते आणि गोळ्या वर लागल्या असत्या. काडतुसे उन्हात तापली किंवा सावलीत गारठली म्हणावे, तर वेग आणि नेम एकाच सकाळी, एकाच डब्यातून पाहिले होते. उरले गोळीचा गुणांक आणि वेग.

अ‍ॅपमध्ये 'ट्रूइंग'ची सोय असते. प्रत्यक्षात गोळी कुठे लागली ते सांगितले की अ‍ॅप उलट गणित करून वेग किंवा गुणांक यांपैकी जो आकडा तुम्ही निवडाल, तो बदलून उत्तर जुळवून देते. गुणांक निवडला असता तर तो सुमारे सहा टक्क्यांनी कमी करावा लागला असता, आणि मग ६०० यार्डांवर गोळ्या अडीच नव्हे तर साधारण दीड इंच खाली लागायला हव्या होत्या. अडीच आणि दीड यांच्यातला एक इंच दहा गोळ्यांच्या मध्यावरून ओळखू पाहणे धाडसाचे आहे, हे मला आज दिसते. त्या दिवशी मात्र आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने गुणांक निर्दोष ठरवला आणि वेगावर बोट ठेवले. अ‍ॅपने २,७१६ चे २,६७६ केले. नव्या वेगाने १,००० यार्डांसाठी ८.९ मिल उत्तर आले, तेवढे भरल्यावर गोळ्या मध्याभोवती लागल्या. ८०० आणि ६०० यार्डांवरही लागल्या. तीन अंतरांवर गणित जुळले म्हटल्यावर शंका घ्यायला जागाच उरली नाही, असे आम्हांला वाटले, आणि क्रोनोग्राफ ४० फूट जास्त दाखवतो अशी नोंद मी माझ्या हाताने वहीत केली.

ही नोंद करताना मी एक साधी गोष्ट विचारात घेतली नाही. वीस गोळ्यांची सरासरी पाच फुटांपर्यंत पक्की होती आणि यंत्राची स्वतःची चूक तीन फुटांची होती. ४० फूट या दोहोंत कुठेच बसत नव्हते. कारखान्यात एखाद्या कामगाराने सुटा भाग मापात बसत नाही म्हणून गेजच घासून आणला असता, तर मी त्याला दारातूनच परत पाठवले असते.

पत्र्यावरून गेलेल्या दोन गोळ्या

जूनमध्ये क्लबची छोटी स्पर्धा होती. तिच्या एका फेरीत नव्वद सेकंदांत वेगवेगळ्या अंतरांवरचे पाच पत्रे प्रत्येकी दोन गोळ्यांनी मारायचे होते. एवढ्या वेळात प्रत्येक पत्र्यासाठी घुंडी फिरवत बसणे परवडत नाही, म्हणून माझ्या स्नेह्याने घुंडी शून्यावर ठेवून दुर्बिणीतल्या रेटिकलवरच्या (भिंगात दिसणाऱ्या फुली-रेघांवरच्या) खुणांनी, म्हणजे मधल्या फुलीऐवजी खालच्या मिलखुणेवर लक्ष्य धरून, नेम साधायचे ठरवले. जवळचे चार पत्रे वाजले. पाचवा ८०० यार्डांवर, दहा इंच उंचीचा होता. अ‍ॅपच्या सुधारलेल्या वेगाप्रमाणे ६.२ मिलच्या खुणेवर त्याने तो धरला आणि दोन्ही गोळ्या पत्र्याच्या वरच्या कडेच्या इंचभर वरून गेल्या. मागच्या मातीच्या बांधावर उठलेली धूळ मी पाहिली. घाईत नेम सुटला असेल, असे मी म्हणालो. तासाभराने दुसऱ्या फेरीत तोच पत्रा आला. यावेळी वेळ होता, म्हणून त्याने घुंडीवर ६.२ भरून मधल्या फुलीने नेम धरला आणि दोन्ही गोळ्या मधोमध बसल्या.

परतताना गाडीत तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "एकच पत्रा, एकच अंतर, तेच ६.२. घुंडीने धरलं तर लागतं, रेटिकलने धरलं तर वरून जातं. मी कशाने धरलं ते गोळीला कसं कळतं, दादा?"

या प्रश्नाने प्रकरण उलगडायला सुरुवात झाली. गोळीला ते कळण्याचा काहीच मार्ग नव्हता. गोळीचा वेग २,६७६ असता, तर ६.२ हा कोन दोन्ही प्रकारे धरला तरी गोळी एकाच ठिकाणी जायला हवी होती. ती गेली नाही, याचा अर्थ घुंडीवरचे ६.२ आणि रेटिकलवरचे ६.२ हे दोन निरनिराळे कोन होते. त्याची दुर्बीण पहिल्या फोकल प्लेनची होती, त्यामुळे झूम कमीजास्त केल्याने खुणांचे माप बदलण्याचा प्रश्न नव्हता. दोन मापांपैकी एक खोटे होते.

मग मे महिन्याचे आकडे पुन्हा मांडले. ३.८ मिलला अडीच इंच, ६.० ला साडेपाच, ८.६ ला साडेनऊ: प्रत्येक अंतरावर इंचांचे मिल केले, तर घट सुमारे तीन टक्क्यांची येत होती. घुंडी सांगितल्यापेक्षा तीन टक्के कमी सरकत असेल, तर नेमके असेच होईल. आणि येथे या प्रकरणातील सर्वांत फसवी गोष्ट आहे. ड्रॉप वेगाच्या वर्गाच्या जवळपास व्यस्त प्रमाणात बदलतो, त्यामुळे वेग दीड टक्क्याने कमी धरला की गणितातला ड्रॉप प्रत्येक अंतरावर सुमारे तीन टक्क्यांनी वाढतो. घुंडीची चूक आणि वेगाची चूक पत्र्यावर अशी एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसते. ६०० यार्डांवर वेगाच्या बदलाने ०.१२ मिल वाढत होते आणि घुंडीच्या चुकीला भरून काढायलाही ०.१२ मिलच लागत होते. ८०० यार्डांवर दोन्ही ०.१९ येत होते. आम्ही तीन काय, दहा अंतरांवर गोळ्या झाडल्या असत्या, तरी सर्व जुळले असते. ज्या जुळण्याला आम्ही पुरावा मानले, ते या दोन चुकांमध्ये निवड करूच शकत नव्हते. त्या दिवशी वापरलेल्यांपैकी निवड करू शकणारे साधन एकच होते, वेग थेट मोजणारा क्रोनोग्राफ, आणि त्याचीच साक्ष आम्ही बाद केली होती.

ओळंबा आणि फीत

जुलैतल्या एका रविवारी दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासायचे ठरवले. आधी वेग. क्लबमधल्या एका ज्येष्ठ सदस्याकडे प्रकाशाच्या तीन पडद्यांचा जुना क्रोनोग्राफ होता. तीन पडदे असण्याचा फायदा असा, की एकाच गोळीचे दोन स्वतंत्र वेग मिळतात आणि ते एकमेकांशी जुळले नाहीत तर ती नोंद टाकून देता येते. दोन पडद्यांच्या साध्या यंत्रात ही सोय नसते, आणि पडदे दोन फुटांवर लावताना इंचाचा आठवा भाग चुकला तरी आमच्या वेगात १४ फुटांची खोट येते. आम्ही अंतर पोलादी फितीने दोनदा मोजले, उन्हाची तिरीप पडू नये म्हणून पडद्यांवर आडोसा धरला, आणि शेजारी रडारही ठेवला. एकाच वीस गोळ्यांसाठी रडारने २,७१४ आणि पडद्यांनी २,७०६ दाखवले. पडद्यांचा मध्य नळीपासून १२ फुटांवर होता. आमची गोळी सुरुवातीला दर फुटामागे साधारण अर्धा फूट प्रति सेकंद वेग गमावते, म्हणून नळीच्या तोंडाशी पडद्यांचा आकडा २,७१२ होतो. रडारचे यंत्र हा हिशेब स्वतःच करून तोंडापाशीचा वेग दाखवते. एक यंत्र लहरींची वारंवारता मोजते, दुसरे सावल्यांमधला काळ. त्यांच्या चुकण्याच्या वाटा अगदी वेगळ्या आहेत, आणि तरी त्यांच्यात दोन फुटांचा फरक होता. दोघांनी मिळून एकाच दिशेला ४० फूट खोटे बोलावे, हे संभवत नाही. वहीतली मेमधली नोंद मी तेव्हाच खोडली.

मग घुंडी. चार फूट उंचीची प्लायवुडची फळी उभी केली आणि गवंड्याचा ओळंबा टांगून तिच्यावर सरळ उभी रेघ मारली. मैदानावरच्या १०० यार्डांच्या पाटीवर विश्वास न ठेवता अंतर फितीने मोजले, ते ३०१ फूट निघाले. ही काळजी घेणे आवश्यक होते, कारण एका यार्डाची चूक म्हणजे इथे एक टक्का, आणि आम्ही तीन टक्के शोधत होतो. ३०१ फुटांवर १० मिल म्हणजे ३६.१ इंच. नेम सतत रेघेच्या तळाशी धरून घुंडी शून्य, ५, १० आणि पुन्हा शून्य अशी फिरवीत प्रत्येक ठिकाणी तीन गोळ्या झाडल्या. शून्य आणि परतीचे शून्य एकावर एक आले. ५ मिलला गोळ्या १८ इंचांऐवजी साडेसतरा इंच वर गेल्या होत्या आणि १० मिलला ३६.१ ऐवजी बरोबर ३५. गुणोत्तर ०.९६९.

दुर्बीण रायफलीवर तिरकी बसली असेल का, हा माझ्या स्नेह्याचा प्रश्न योग्य होता. परंतु तिरकेपणाने उभ्या दिशेत तीन टक्के गमवायचे, तर दुर्बीण जवळजवळ १४ अंश कलंडलेली असावी लागते, आणि तसे असते तर गोळ्या ओळंब्याच्या रेघेपासून आठ-नऊ इंच बाजूला गेल्या असत्या. त्या रेघेवर होत्या. शेवटी रायफल वाळूच्या पिशव्यांत घट्ट बसवून, एकही गोळी न झाडता, फळीवर लावलेली फीत रेटिकलमधून वाचली. मधल्या फुलीपासून दहाव्या खुणेपर्यंत ३६ इंचांहून किंचित जास्त भरले. रेटिकल खरे होते. खोट घुंडीच्या आतल्या यंत्रणेत होती. दुर्बीण नामांकित कंपनीची आणि चांगल्या किमतीची होती, एवढे सांगून तिचे नाव येथे टाळतो.

त्या दिवशी अ‍ॅपमध्ये वेग पुन्हा २,७१६ केला आणि घुंडीच्या मापासाठी असलेल्या वेगळ्या खान्यात ०.९६९ हा गुणक भरला. हा खाना ट्रूइंगच्या पानावर नसतो, दुर्बिणीच्या पानावर असतो. आणि जे पान समोर उघडते तिथलाच आकडा माणूस बदलतो. आता १,००० यार्डांसाठी घुंडीला ८.९ आणि रेटिकलला ८.६ अशी दोन उत्तरे येऊ लागली, आणि दोन्हींनी पत्रा वाजू लागला. खोटा वेग ठेवला असता, तर फक्त घुंडी वापरणाऱ्याला तो या रायफलीपुरता कदाचित कधीच बोचला नसता. पण तीच दुर्बीण दुसऱ्या रायफलीवर चढवली असती, किंवा या रायफलीवर नवी दुर्बीण बसवली असती, तर साडेनऊ इंच पुन्हा उगवले असते, आणि त्या वेळी दोष आणखी कशाला तरी दिला गेला असता. ऑगस्टमध्ये दुर्बीण दुरुस्तीला पाठवली. सात आठवड्यांनी ती परत आली. सोबतच्या कागदावर 'तपासून दुरुस्त केली' यापलीकडे काही नव्हते. फळी, ओळंबा आणि फीत पुन्हा काढली. १० मिलला ३६.१ इंच भरले आणि अ‍ॅपमधला गुणक पुसून टाकला.

डिसेंबरमध्ये एका सकाळी, उणे ४ अंश तापमानात, आम्ही पुन्हा १,००० यार्डांवर गेलो. काडतुसे मुद्दाम रात्रभर गाडीतच ठेवली होती, कारण थंडीत दारूगोळ्याचा वेग किती उतरतो ते पाहायचे होते. दहा गोळ्यांनंतर रडारच्या पडद्यावर सरासरी आली २,६८१. मे महिन्यात आम्ही हाताने भरलेल्या खोट्या वेगापेक्षा अवघे पाच फूट जास्त. स्नेही पडद्याकडे आणि मग माझ्याकडे बघून हसला. आम्ही २,६७६ वरच अडून बसलो असतो, तर थंडीची ३५ फुटांची घट त्यातून आणखी वजा केली असती. थंड, दाट हवेमुळे अ‍ॅपने ९.२ मिल सांगितले, तेवढेच घुंडीवर भरले. दहा गोळ्यांचा मध्य पत्र्याच्या मध्यापासून दीड इंच वर आला. आमच्या गोळ्यांच्या पसाऱ्यात दहा गोळ्यांच्या मध्याला तेवढे सरकण्याची मुभा असते, म्हणून तो दीड इंच वहीत तसाच लिहिला आणि वेगाच्या खान्याला हात लावला नाही.